सिंहगडाची गर्दी आणि उत्रोलीची शांतता

(या भागाचं लिखित रूप. प्रवासात असाल तर हेडफोन लावा, निवांत असाल तर वाचा.)



शनिवारी रात्री पुण्यातल्या हजारो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो: उद्या कुठे जायचं? तासभर चर्चा होते, चार जण चार नावं सुचवतात आणि शेवटी ठरतं काय, तर सिंहगड. मग रविवारी सकाळी खडकवासल्याच्या चौपाटीपासूनच गाड्या तुंबायला लागतात. घाटात रांग, वर पार्किंगला जागा नाही, पिठलं-भाकरीसाठी वेटिंग. तानाजीच्या स्मारकापाशी पोचेपर्यंत फोनची बॅटरी आणि माणसाची बॅटरी, दोन्ही लाल.

हे आजचं नाही. मे २०२२ मध्ये गडावर खाजगी गाड्या बंद करून पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस सोडून पाहिल्या होत्या. थोड्याच दिवसांत तो प्रयोग थांबवावा लागला. म्हणजे प्रश्न सगळ्यांना कळतोय, उत्तर सापडत नाहीये.

"गर्दी नसलेलं ठिकाण सांगा ना," हा प्रश्न आपल्याकडे सारखा येतो. आज ठिकाणं सांगणारच आहे. पण त्याआधी इतिहासाच्या अंगानं एक प्रश्न विचारायचाय. गर्दी एका ठिकाणी होते आणि दुसऱ्या ठिकाणी होत नाही, हे ठरवतं कोण? आणि जिथे गर्दी होत नाही, तिथे इतिहास कमी घडला होता का?

उत्तर शोधायला आपण पुण्याच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर जाणार आहोत. भोरजवळच्या उत्रोली नावाच्या गावात.

एकाच यादीतले दोन किल्ले

जून १६६५. पुरंदरचा तह. मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला वेढा घातलाय, मुरारबाजी पडलेत, आणि शिवाजी महाराजांना तह करावा लागतोय. तहात २३ किल्ले मोगलांना द्यायचे ठरले. १२ महाराजांकडे राहिले.

त्या २३ किल्ल्यांच्या यादीत कोंढाणा आहे. कोंढाणा म्हणजे आपला सिंहगड. आणि त्याच यादीत रोहिडाही आहे. रोहिडा म्हणजे भोरच्या दक्षिणेचा किल्ला, बाजारवाडी गावाच्या डोक्यावरचा. त्यालाच विचित्रगड असंही म्हणतात. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, कोंढाणा परत आला आणि त्याच वर्षी रोहिडाही परत आला.

गेले एका कागदानं, आले एका वर्षात. तहाच्या टेबलावर दोघांची इज्जत सारखीच. मग आज एकावर ट्रॅफिक जॅम आणि दुसऱ्यावर रविवारीसुद्धा मोकळा श्वास, असं का?

पहिलं कारण म्हणजे गोष्ट. कोंढाण्याला तानाजी मालुसरे मिळाले. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र, उदयभानाशी झालेली झुंज. त्यावर शाहीर तुळशीदासानं पोवाडा रचला. मग हरि नारायण आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली. मग सिनेमा आला: १९२३ मध्ये बाबूराव पेंटरांचा मूकपट, १९३३ मध्ये व्ही. शांतारामांचा बोलपट, आणि २०२० मधला हिंदी सिनेमा तर तुम्ही बघितलाच असेल. साडेतीनशे वर्षं दर पिढीत कुणी ना कुणी ती गोष्ट नव्यानं सांगितली. रोहिड्याची गोष्ट अशी कुणी सांगितली नाही.

दुसरं कारण म्हणजे रस्ता. सिंहगड पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर, आणि गाडी थेट वर जाते. इंग्रजांच्या काळात साहेब लोक उन्हाळ्यात हवापालटाला तिथे राहायचे. पुढे लोकमान्य टिळकांचा बंगला तिथे झाला. म्हणजे किल्ला लढाईतून निवृत्त झाला आणि लगेच पुणेकरांचा झाला.

आणि तिसरं कारण म्हणजे यादी. शाळेच्या पुस्तकातली यादी, 'टॉप टेन'ची यादी, रीलवरची यादी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. आपल्या शेजारचा राजगड त्यात आहे. अभिमानाचीच गोष्ट. पण यादीत नाव आलं की मागोमाग गाड्याही येतात, हे राजगडाच्या पायथ्याच्या गावांना आता सांगावं लागत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी "सिंहगडला गर्दी असते, त्यापेक्षा राजगडला जा" असंच सांगायचे की लोक!

तर गोष्ट, रस्ता आणि यादी, या तिघांनी मिळून गर्दी घडते. इतिहास कुठे जास्त घडला याच्याशी तिचा थेट संबंध नसतो.

स्वारगेटहून दक्षिणेला

भोरची एसटी स्वारगेटहून सुटते. बसमध्ये बसायच्या आधीच या प्रवासाची पहिली खूण दिसते, फक्त आपण तिच्याकडे बघत नाही. स्वारगेटच्या चौकाचं नाव आहे देशभक्त केशवराव जेधे चौक. केशवराव म्हणजे विसाव्या शतकातले ब्राह्मणेतर चळवळीचे आणि नंतर काँग्रेसचे मोठे नेते. त्यांचं घराणं मूळचं भोर तालुक्यातल्या कारी गावचं. कान्होजी जेध्यांचं घराणं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सातारा रस्त्यानं कापूरहोळला आलात की भोरचा फाटा लागतो. कापूरहोळला बहुतेक लोक बालाजीच्या नाहीतर नारायणपूरच्या रस्त्याला लागतात. पण हे गाव धाराऊ गाडे यांचं. संभाजी महाराजांना दूध पाजणारी दूधआई ती हीच. १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला आणि या गावातली एक बाई त्यांची दुसरी आई झाली. छावा छावा म्हणून आपण ओरडतो, तो छावा ज्या दुधावर वाढला ते दूध या फाट्यावरच्या गावचं.

पुढे भाटघर धरण. वेळवंडी नदीवर इंग्रजांनी आधी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एक धरण बांधलं. मग १९२० च्या दशकात त्याच्याच खालच्या अंगाला आणखी मोठं धरण बांधून काढलं आणि मुंबईच्या गव्हर्नरच्या नावावरून त्याला लॉईड धरण म्हटलं. आता या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. इथलं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसकडे जातं. तिकडचा ऊस हिरवा होण्यासाठी इकडची शेतं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, लोक दर्शनाला जातात, आणि पावसाळ्यात देव पुन्हा पाण्याखाली.

बघा, भोरला पोचायच्या आधीच किती काय झालं. आणि रस्त्यात एकही 'सेल्फी पॉइंट' लागला नाही.

कारी: तारीख सांभाळणारं घर

आता एक प्रश्न. १९ फेब्रुवारीला शिवजयंती असते. त्या दिवशी शिवनेरीवर पाय ठेवायला जागा नसते. पण ही १९ फेब्रुवारी आली कुठून?

आज हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराजांची जन्मतिथी वेगळीच मानली जायची: वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७. बखरींमधून ती आली होती.

मग कारीच्या जेधे घराण्यातल्या दयाजीराव सर्जेराव जेधे देशमुखांनी आपल्या घरातलं जुनं दप्तर लोकमान्य टिळकांना दाखवलं. त्यात होती जेधे शकावली. शकावली म्हणजे साधी नोंदवही म्हणा ना. अमुक शकात अमुक घडलं, एवढंच. अलंकार नाही, वर्णन नाही. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घटनांच्या कोरड्या ओळी. त्यातली एक ओळ सांगत होती की महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

टिळकांनी १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ही शकावली छापून आणली. पुढे 'शिवभारत' या महाराजांच्या काळातल्याच संस्कृत काव्यातही तीच तिथी सापडली. वाद बरीच वर्षं चालला आणि अखेरीस राज्य शासनानं १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली.

म्हणजे शिवनेरीवर ज्या दिवशी गर्दी होते, तो दिवस भोरच्या डोंगरातल्या एका घरानं जपून ठेवला होता. सिंहगडावर बंगला असलेल्या टिळकांनासुद्धा उत्तर मिळालं ते कारीच्या दप्तरात.

कारीला जेध्यांचा वाडा आजही आहे. पण तो म्युझियम नाही, लोकांचं घर आहे. गेलात तर आधी विचारा, मग आत जा, आणि फोन खिशात ठेवा. पाव्हण्यासारखं गेलं की पाव्हण्यासारखंच वागवतात.

उत्रोली: दुसऱ्या बाजूचं गाव

आता आपण उत्रोलीला येतो. मी आजचा भाग ज्या गावासाठी करतोय ते हे गाव. जुन्या कागदांत उत्रवळी असंही नाव सापडतं.

भोरच्या या मुलखाला रोहिडखोरं म्हणायचे. रोहिडा किल्ल्याचं खोरं ते रोहिडखोरं. इथली देशमुखी दोन घराण्यांत वाटलेली होती: कारीचे जेधे आणि उत्रोलीचे खोपडे. देशमुख म्हणजे सरकार आणि गावं यांच्यामधला माणूस. सारा वसूल करायचा, भांडणं मिटवायची, वेळ पडली तर माणसं घेऊन लढायला जायचं. त्या बदल्यात वतन. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे, तर मान, पंगतीतली जागा, मुलाबाळांचं भविष्य. एकाच वतनाचे दोन वाटेकरी म्हटल्यावर त्यांच्यात सूत कितपत जमत असेल, हे गावाकडच्या कुणालाही सांगायला नको. बांधाच्या भांडणासारखंच, फक्त तलवारी घेऊन.

१६५९ साल आलं. अफजलखान मोठं सैन्य घेऊन वाईला येऊन बसला. विजापूरच्या आदिलशहानं मावळातल्या देशमुखांना फर्मानं पाठवली: खानाला येऊन मिळा, नाहीतर वतन जाईल, जीवही जाईल. कान्होजी जेध्यांच्या नावाचं फर्मान जून १६५९ मधलं आहे.

आता जरा स्वतःला तिथे उभं करून बघा. आपल्याला शेवट माहीत आहे, प्रतापगड माहीत आहे. पण त्यांना माहीत नव्हता. एका बाजूला शंभर-दीडशे वर्षांची पातशाही आणि तिचं अफाट सैन्य. दुसऱ्या बाजूला एकोणतीस वर्षांचा एक राजा आणि त्याचे डोंगर. घरात बायका-मुलं. आणि हातात फर्मान.

कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले, फर्मान दाखवलं आणि वतनावर पाणी सोडलं. उत्रोलीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. खंडोजी लपत फिरले आणि अखेर मध्यस्थी करायला कुणाकडे शब्द टाकावा, तर कान्होजी जेध्यांकडे! ज्यांच्याशी वतनाचं वैर, त्यांच्याकडेच. आणि कान्होजींनी महाराजांकडे रदबदली केली. महाराजांनी जीव घेणार नाही असा शब्द दिला. तो शब्द पाळला, पण खंडोजींचा उजवा हात आणि डावा पाय तोडायची शिक्षा झाली.

ही गोष्ट शाळेत एका ओळीत संपते: खंडोजी खोपडे, फितूर. पण उत्रोलीत उभं राहून ही गोष्ट आठवली की ती एका ओळीत मावत नाही. तीन गोष्टी सुचतात.

पहिली म्हणजे कान्होजींचा मोठेपणा. तो नीट कळायचा असेल तर खंडोजींची गोष्ट माहीत असावीच लागते. वतन सोडणं हे किती अवघड होतं, हे ज्यानं सोडलं नाही त्याच्याकडे बघून कळतं. सगळेच सोडणार होते असं असतं, तर त्याग कसला?

दुसरी म्हणजे कागद कुणाचे, हा प्रश्न. खोपड्यांबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं जेध्यांच्या दप्तरातून आलंय. जेधे शकावली आणि जेधे करीना. करीना म्हणजे घराण्याची हकिकत. म्हणजे एका भाऊबंदकीतल्या एका बाजूचे कागद आपल्यासमोर आहेत. त्यात खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण खंडोजींच्या मनात त्या दिवशी काय चाललं होतं, ते सांगणारा कागद आपल्या हातात नाही. इतिहास वाचताना हा कागद कुणाच्या घरातला, एवढं विचारायची सवय लागली तर आपले निम्मे ऑनलाइन वाद मिटतील.

आणि तिसरी म्हणजे गाव. शिक्षा एका माणसाला झाली. गाव तेच राहिलं. पेरणी-कापणी, जत्रा, पोरांची शाळा, सगळं चालू आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका निर्णयासाठी आजच्या एखाद्या आडनावाला टोमणा मारणं, कमेंटमध्ये गद्दार लिहिणं, हे महाराजांनी दिलेल्या शिक्षेपेक्षाही जास्तीची शिक्षा देणं झालं. त्यांनी न्याय केला आणि तो विषय तिथे संपवला. आपण का उकरतोय?

उत्रोलीला बघायला काय आहे, असं विचाराल तर सरळ सांगतो: तिकीटखिडकी असलेलं काही नाही. शेतं आहेत, डोंगरांची रांग आहे, आणि रोहिडखोऱ्याच्या अर्ध्या देशमुखीचं हे गाव होतं ही आठवण आहे. तेवढंच बघायला जायचं. दहा मिनिटं झाडाखाली बसायचं आणि स्वतःला विचारायचं: ते फर्मान मला आलं असतं तर?

हा प्रश्न सिंहगडावरच्या गर्दीत सुचत नाही. तिथे गोष्ट आधीच ठरलेली असते.

अंबवडे: पन्नास वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न

भोरच्या जवळच अंबवडे आहे. नागेश्वराचं जुनं देऊळ, दाट झाडी, आणि ओढ्यावर एक झुलता पूल. भोर संस्थानच्या काळात, १९३० च्या दशकात, राजघराण्यातल्या जिजीसाहेबांच्या स्मरणार्थ बांधलेला. कान्होजी जेध्यांची आणि जिवा महालांची समाधी इथेच दाखवतात. प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारे ते जिवा महाला. होता जिवा म्हणून वाचला शिवा, ही म्हण ज्यांच्यावरून पडली ते.

आणि इथेच आणखी एक समाधी आहे, शंकराजी नारायण सचिवांची.

राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंजत मावळातले किल्ले परत मिळवणारा हा माणूस. त्यांना सचिवपद मिळालं आणि त्यांच्याच घराण्याचं पुढे भोर संस्थान झालं, जे १९४८ पर्यंत टिकलं. १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. इकडे ताराबाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ शंकराजींनी आधीच घेतलेली. तिकडे संभाजी महाराजांचा मुलगा, गादीचा वारस, दारात उभा. शपथ मोडावी तर ईमान जातं, पाळावी तर धन्याच्या पोरावर तलवार उचलावी लागते. शंकराजींनी अंबवड्यात स्वतःचा जीव दिला.

एकाच खोऱ्यात, पन्नास वर्षांच्या आत, तीन माणसांपुढे एकच प्रश्न आला: कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? कान्होजींनी वतन सोडलं. खंडोजींनी वतन धरलं. शंकराजींना दोन्ही बाजू आपल्याच वाटल्या. या तिन्ही गोष्टी एका दिवसात, अर्ध्या टाकी पेट्रोलमध्ये बघता येतात.

रोहिडा: आडनावांचे बुरूज

आता चढायची हौस असेल तर रोहिडा. बाजारवाडीतून साधारण तास-सव्वा तासाची चढण. एकामागून एक तीन दरवाजे लागतात. दुसऱ्या दरवाजापाशी पाण्याचं टाकं आहे. तिसऱ्या दरवाजावर मराठी आणि फारसी शिलालेख आहे. मे १६५६ मध्ये मुहम्मद आदिलशहानं या दरवाजाची दुरुस्ती करवली, असं तो सांगतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात आदिलशहा वारला, आणि किल्ला लवकरच स्वराज्यात आला. दुरुस्ती एकानं केली, वापर दुसऱ्यानं.

मला रोहिड्यावर सगळ्यात आवडतात ती बुरुजांची नावं. शिरवले बुरूज, दामगुडे बुरूज, पाटणे बुरूज. ही तर आजही भोरच्या हजेरीपटावर सापडणारी आडनावं! मोठ्या किल्ल्यांवर बुरुजांना भारदस्त नावं असतात. इथे शेजारच्या गावातल्या माणसांची आहेत. किल्ला कुणी सांभाळला, ते किल्लाच सांगतो.

अजून वेळ असेल तर रायरेश्वर. कोर्ले गावाच्या बाजूनं वर गेलं की लांबच लांब पठार. १६४५ मध्ये महाराजांनी सवंगड्यांसोबत इथे स्वराज्याची शपथ घेतली अशी परंपरा आहे. त्या शपथेच्या कागदोपत्री पुराव्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, हेही ठाऊक असू द्या. पण पठारावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी जंगम मंडळी, देवाची पूजा आणि सप्टेंबरातली फुलं, यावर काही मतभेद नाहीत.

आणि बाजीप्रभू देशपांडे? पावनखिंडीतले? तेही याच भागातले, हिरडस मावळातल्या बांदल देशमुखांचे सहकारी. त्यांची कीर्ती विशाळगडाच्या वाटेवर घडली, पण ती माणसं घरून निघाली ती इथून.

शांत जागा शांत कशी राहील?

आता जरा कडू बोलतो.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. कुंडमळा काही वर्षांपूर्वी शांतच होता ना? कुणीतरी 'हिडन जेम' म्हणून व्हिडिओ टाकला असेल, मग दुसऱ्यानं, मग हजारांनी. पुलाला मात्र कुणी सांगितलं नाही की आता तुला एवढी माणसं पेलायचीत.

आणि शांत जागा म्हणजे सुरक्षित जागा नव्हे. मे २०२२ मध्ये याच भाटघरच्या पाण्यात पाच जणी बुडाल्या. धरणाचं पाणी वरून स्थिर दिसतं, खाली एकदम खोल असतं. गर्दी नसते म्हणजे वाचवायलाही कुणी नसतं. पावसाळ्यात वरंधा घाट बऱ्याचदा बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा. अंबवड्याचा पूल म्हाताराय, त्यावर घोळक्यानं उभं राहून झोके घेऊ नका.

म्हणून मला "पर्याय" हा शब्दच थोडा खटकतो. सिंहगडाला पर्याय, लोणावळ्याला पर्याय. म्हणजे तिथली गर्दी उचलून इथे ओतायची, एवढंच होतं त्यात. दहा वर्षांनी उत्रोलीच्या फाट्यावर ट्रॅफिक जॅम, आणि आपण "उत्रोलीला पर्याय" शोधतोय! राजगडाचं तेच झालं.

गर्दी आली की फायदा होत नाही असं नाही. भोर-वेल्ह्याची कितीतरी पोरं कामासाठी पुण्याला जातात. चार पाहुणे गावात जेवले, तर त्यांच्या घरी चार पैसे येतात. पण चाळीस गाड्या आल्या, घरून डबे घेऊन आल्या, स्पीकर लावला, रिकाम्या बाटल्या शेतात टाकल्या आणि गेल्या, तर गावाला काय मिळालं? कचरा.

मग करायचं काय? सोपं आहे. एसटीनं जा, किंवा एका गाडीत पाच जण बसून जा. जेवण गावात सांगा, आधी फोन करून. रविवार टाळता आला तर टाळा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. भोरचा राजवाडा साधारण १८६९ चा, सुंदर आहे, पण खाजगी मालमत्ता आहे, परवानगी मिळाली तरच आत. आणि फोटो टाकायचाच असेल तर लोकेशनऐवजी गोष्ट टाका. "इथे या" असं लिहिण्यापेक्षा "इथे हे घडलं" असं लिहा. ज्याला गोष्ट आवडेल तो शोधत येईल, आणि शोधत आलेला माणूस सहसा बाटली फेकत नाही.

सिंहगडाला जाऊ नका असं मी म्हणतच नाहीये. तानाजींच्या समाधीपुढे हात जोडायलाच हवेत. पण सिंहगड ही गोष्टीची एक बाजू आहे, जिंकल्याची. ते जिंकणं शक्य झालं ते रोहिडखोऱ्यासारख्या खोऱ्यांत, घराघरांत, फर्मान हातात धरून बसलेल्या माणसांच्या निर्णयांमुळे. काहींचे निर्णय बरोबर ठरले, काहींचे चुकले. त्या निर्णयांची गावं आजही शांत आहेत.

पुढच्या भागात आपण याच भोर संस्थानाबद्दल बोलणार आहोत: पंतसचिवांनी अडीचशे वर्षं कारभार कसा केला आणि १९४८ मध्ये काय झालं. तुमच्या गावात एखादं जुनं दप्तर असेल, आजोबांनी सांगितलेली एखादी हकिकत असेल, तर आम्हाला नक्की कळवा. कुणी सांगावं, अजून एखादी तारीख कुणाच्या तरी माळ्यावर पडून असेल.

तोवर रामराम!